भूतानला जमिनीवरून: हासिमारा, जयगाव आणि पुढचा घाट

आमच्या पहिल्या भूतान प्रवासात आत्या सीमेवरच्या जयगावच्या पुढे येऊ शकली नाही. मार्च २०२३ ची गोष्ट. नागपूरहून निघून तिसऱ्या दिवशी आम्ही सीमेवर पोहोचलो, आणि तिच्या पर्समधून आधार कार्ड निघाले. मतदार ओळखपत्र घरच्या कपाटात होते. ‘आधार घे, तेवढं पुरे’ असे तिला मीच सांगितले होते. काका तिला घेऊन सिलिगुडीला परतले आणि आम्ही चौघे जड मनाने पुढे गेलो. नोव्हेंबर २०२५ मध्ये तिला बरोबर घेऊन पुन्हा गेलो, या वेळी सगळे नीट समजून घेऊन. त्या दोन खेपांत जे कळले ते क्रमाने लिहितो आहे.

सगळ्यात महत्त्वाचे आधीच सांगतो. सीमेवर एक अख्खी रात्र ठेवा. आपल्याकडचे बहुतेक कार्यक्रम ‘सकाळी बागडोगरा विमानतळ, संध्याकाळी थिंपू’ असे आखलेले असतात. कागदावर ते जमते. प्रत्यक्षात परवान्याच्या रांगेत घाई होते, घाट अंधारात चढावा लागतो, आणि या प्रवासातला सर्वांत सुंदर दिवस गाडीत झोपून जातो.

कोणत्या दाराने जायचे

भूतानच्या दक्षिण सीमेवर आपल्याला उपयोगी पडणारी चार गावे आहेत. पश्चिम बंगालच्या जयगावला लागून फुंटशोलिंग, चामुर्चीसमोर सामत्से, आसामच्या दादगिरीसमोर गेलेफू आणि दरंगासमोर सामद्रुप जोंगखार. या पायथ्याच्या पट्ट्याला डुआर्स म्हणतात, म्हणजेच दारे. भूतानच्या डोंगरांत शिरण्याच्या अठरा वाटा इथून जात, त्यावरून हे नाव पडले. १८६४-६५ च्या युद्धानंतर सिंचुलाच्या तहाने हा पट्टा इंग्रजांकडे गेला आणि पुढे इथे चहाचे मळे उभे राहिले.

पहिल्यांदा जात असाल तर फुंटशोलिंगच निवडा. थिंपू आणि पारोला जाणारा मुख्य रस्ता इथूनच सुटतो, टॅक्सी-बस मिळतात, आणि हजारो माणसे रोज ये-जा करत असल्याने परवान्याची पद्धत बसलेली आहे. सामद्रुप जोंगखार गुवाहाटीपासून जवळ आहे, पण तिथून थिंपू फार लांब पडते. पूर्व भूतान सावकाश बघायचा असेल, हातात दहा-बारा दिवस असतील, तरच त्या बाजूने शिरा. भूतानमध्ये अजून रेल्वे नाही. कोक्राझार ते गेलेफू आणि बनारहाट ते सामत्से हे दोन लोहमार्ग सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले आहेत, पण सध्याच्या प्रवासाला त्यांचा उपयोग नाही.

कागदपत्रे: इथे हयगय नको

भारतीय नागरिकाला व्हिसा लागत नाही, प्रवेश परवाना लागतो. त्यासाठी दोनच ओळखपत्रे चालतात: किमान सहा महिने मुदत शिल्लक असलेला पासपोर्ट किंवा भारतीय मतदार ओळखपत्र. आधार, पॅन, वाहन परवाना, निवृत्तिवेतनाचे ओळखपत्र यांतले काही चालत नाही. मूळ प्रत हवी, मोबाइलमधला फोटो नको. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पासपोर्ट किंवा इंग्रजीतला जन्मदाखला न्यावा, आणि त्यांच्यासोबत आईवडील किंवा पालक असावेत. आपल्याकडे ग्रामपंचायतीचे जुने जन्मदाखले अनेकदा फक्त मराठीत असतात. ते निघण्याच्या महिनाभर आधी इंग्रजीत काढून घ्या.

घरातल्या ज्येष्ठांची ओळखपत्रे स्वतः हातात घेऊन तपासा. जुन्या मतदार कार्डावर नाव माहेरचे, वय पुसट, फोटो वीस वर्षांपूर्वीचा असे काहीही असू शकते. पासपोर्ट असेल तर मतदार कार्डाऐवजी तोच वापरा, आणि परवान्याच्या अर्जात जे ओळखपत्र दिले तेच सीमेवर दाखवा. पासपोर्ट आकाराचे चार फोटो आणि सगळ्या कागदांच्या दोन झेरॉक्स एका प्लास्टिकच्या पाकिटात घाला. ते पाकीट सामानात नको, खांद्याच्या पिशवीत ठेवा.

परवान्याचा अर्ज घरूनच ऑनलाइन भरता येतो. त्यात मुक्कामाची ठिकाणे आणि तारखा द्याव्या लागतात, म्हणून मान्यताप्राप्त हॉटेलांचे बुकिंग आधी करा. थिंपू आणि पारोच्या पलीकडे पुनाखा, फोबजिखा, बुमथांग अशा ठिकाणी जायचे असेल तर परवानाधारक भूतानी गाईड ठेवावा लागतो. आम्ही दुसऱ्या खेपेला गाईड घेतला आणि त्याचे पैसे अजिबात जड वाटले नाहीत. पुनाखाच्या झाँगमध्ये, म्हणजे किल्ल्यासारख्या मठात, तो भिंतीवरच्या चित्रांपुढे आत्याला एकेक जातककथा सांगत होता, आणि आत्या त्यातल्या दोन-तीन आपल्या लहानपणी ऐकल्याचे त्याला सांगत होती.

परदेशी पासपोर्ट असलेल्या नातेवाइकांबद्दल वेगळे सांगायला हवे. मुलगी-जावई अमेरिकेहून आले आहेत, सगळे मिळून जाऊ, असा बेत पुष्कळ घरांत होतो. भूतानच्या नियमांत ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांच्या) कार्डाला सवलत नाही. त्यांना व्हिसा आणि परदेशी पर्यटकांचे शुल्क, दोन्ही लागतात, शिवाय जयगावला भारतीय इमिग्रेशनचा बाहेर पडल्याचा शिक्का घ्यावा लागतो. तो शिक्का राहिला तर परतताना मोठी अडचण होते. त्यांचा भारताचा प्रवेश पुन्हा येण्यासाठी वैध आहे ना, हेही आधी बघा.

पैशांचा हिशेब

भूतान दर रात्रीमागे पर्यटकांकडून शाश्वत विकास शुल्क घेतो. सगळे त्याला एसडीएफ म्हणतात. भारतीयांसाठी ते प्रौढाला रात्रीमागे १,२०० रुपये, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना निम्मे, आणि ५ वर्षांपर्यंतच्या मुलांना माफ आहे. इतर बहुतेक देशांच्या नागरिकांना तेच १०० डॉलर पडते. दोन प्रौढ आणि नऊ वर्षांचे मूल चार रात्री राहणार असेल तर प्रौढांचे ९,६०० आणि मुलाचे २,४००, असे १२,००० रुपये केवळ शुल्काचे होतात. हॉटेल, गाडी, जेवण वेगळे. जाण्याआधी भूतानच्या पर्यटन विभागाच्या अधिकृत संकेतस्थळावर त्या महिन्याचा दर एकदा बघून घ्या.

हे शुल्क ऐकून काहीजण नाराज होतात. मला ते रास्त वाटते. साडेसात-आठ लाख लोकसंख्येचा देश आपली जंगले आणि नद्या राखतो आहे, तिथे जाऊन राहण्याची किंमत आपण द्यावी. मात्र त्यामुळे दिवसांची आखणी काटेकोर करावी लागते, आणि रेंगाळण्याची हौस असेल तर ती डुआर्समध्ये भागवता येते.

स्वतःची गाडी नेणाऱ्यांनी आणखी एक आकडा लक्षात घ्यावा. भारतीय नोंदणीची गाडी सीमेवरच्या गावापलीकडे न्यायची तर दर दिवसाला ४,५०० रुपये भरावे लागतात. पुण्याहून गाडी चालवत जयगावपर्यंत जाण्यात आनंद आहे, पण तिथून पुढे गाडी सुरक्षित जागी लावून भूतानी टॅक्सी घेणे स्वस्त पडते. घाटात त्या चालकांचा हातही जास्त बसलेला असतो.

भूतानचे चलन न्गुलट्रम. त्याची किंमत आपल्या रुपयाइतकीच आहे आणि आपल्या नोटा दुकानांत सर्रास घेतात. भारतातून १०० रुपयांच्या आणि त्याखालच्या नोटा कितीही नेता येतात. २०० आणि ५०० च्या नोटांना मिळून २५,००० रुपयांची मर्यादा आहे. यूपीआयचा क्यूआर स्वीकारणारा भूतान पहिला परदेश ठरला, जुलै २०२१ मध्ये. तरी गावातल्या छोट्या दुकानात आणि टॅक्सीत रोखच लागते. सुट्टे म्हणून मिळालेले न्गुलट्रम जयगावच्या बाजारात चालतात. नागपुरात ते कोणी घेणार नाही, म्हणून तिथेच संपवा.

हासिमारापर्यंत

विमानाने येणाऱ्यांनी बागडोगराला उतरावे. तिथून जयगाव साधारण दीडशे किलोमीटर आहे, चार तास धरा. मुंबईहून गुवाहाटी-कामाख्याकडे जाणाऱ्या गाड्यांनी न्यू जलपाईगुडीला उतरूनही हाच रस्ता धरता येतो, फक्त त्या गाडीत साधारण दोन दिवस काढायची तयारी हवी.

माझी पसंती मात्र हावड्याच्या वाटेला आहे. मुंबईची गीतांजली, पुण्याची आझाद हिंद या गाड्या नागपूरवरून हावड्याला जातात, म्हणजे विदर्भ आणि पश्चिम महाराष्ट्र, दोघांची सोय होते. दुपारपर्यंत हावड्याला पोहोचवणारी गाडी धरा, कारण पुढची कांचनकन्या एक्स्प्रेस सियालदहहून रात्री सुटते आणि मध्ये उशिराला जागा हवी. हावडा ते सियालदह हा टप्पा पूर्वी टॅक्सीने घामाघूम होऊन पार करावा लागे. ऑगस्ट २०२५ पासून हुगळीच्या खालून जाणारी मेट्रो थेट सियालदहला पोहोचवते. सामान फार असेल तरच टॅक्सी करा.

कांचनकन्यात पहाटे जाग आली की खिडकी सोडू नका. सिलिगुडीनंतर गाडी महानंदाच्या जंगलातून निघते, तीस्ता ओलांडते आणि मग माल, चालसा, बिन्नागुडी, मदारीहाट अशी चहाच्या मळ्यांतून आणि सालवनातून धावत राहते. उजवीकडे सपाट मैदान, डावीकडे अचानक उठलेला भूतानचा निळा डोंगर. हत्तींच्या वाटा या रुळांना छेदतात, म्हणून गाडी जागोजाग हळू होते. त्याला उशीर म्हणून बोल लावू नका.

सकाळ सरता सरता हासिमारा येते. छोटे स्टेशन आहे, बाहेर वडाप आणि रिक्षा उभ्या असतात. जयगाव इथून अठरा किलोमीटर. एक दिवस जास्त असेल तर मदारीहाटला उतरून जलदापाडा राष्ट्रीय उद्यान बघा, एकशिंगी गेंड्यांसाठी ते प्रसिद्ध आहे.

जयगावची रात्र

नाव आपल्याकडच्या एखाद्या गावासारखे आहे. गाव मात्र गजबजलेले, धुळीचे आणि कर्ण्यांच्या आवाजाचे. इथे मुक्काम करा. परवान्याचा घोर न बाळगता दुपारी झोपा आणि संध्याकाळी भूतान गेटपर्यंत चालत या. कमानीच्या अलीकडे हॉर्न, पलीकडे शांतता. एका भिंतीच्या दोन बाजू इतक्या वेगळ्या असतात हे पायी चालत बघितल्याशिवाय पटत नाही.

एक गोष्ट इथेच करा: घड्याळ अर्धा तास पुढे घ्या. भूतानची वेळ आपल्यापेक्षा तीस मिनिटे पुढे आहे. त्यांचे सकाळचे नऊ म्हणजे आपले साडेआठ. संध्याकाळी परवान्याची खिडकी पाचला बंद होणार असेल तर आपल्या घड्याळात साडेचारच झालेले असतात. पहिल्या खेपेला आमची शेवटची अर्धी संधी याच फरकाने गेली. शक्यतो सोमवार ते शुक्रवारच्या सकाळी सीमेवर असाल असे बघा. फेब्रुवारी २१ ते २३ हे राजांच्या वाढदिवसाचे दिवस आणि १७ डिसेंबरचा राष्ट्रीय दिन टाळा.

सकाळी न्याहारी करून, पाकीट हातात घेऊन निघा. पायी जाणाऱ्यांसाठी गेटजवळ वेगळे टर्मिनल आहे, तिथे ओळखपत्र आणि सामान तपासतात. मग इमिग्रेशनच्या खिडकीवर फोटो, बोटांचे ठसे, शुल्काची पावती. परवाना हातात आला की तिथेच उभे राहून प्रत्येकाच्या नावाचे स्पेलिंग, ओळखपत्राचा क्रमांक आणि तारखा वाचा. चूक असेल तर लगेच सांगा, ते शांतपणे दुरुस्त करून देतात. परवान्याच्या दोन झेरॉक्स फुंटशोलिंगमध्येच काढा. सिमकार्डही इथेच घ्या, भूतान टेलिकॉमचे किंवा ताशीसेलचे.

तंबाखू, गुटखा, सिगारेट सीमेपलीकडे नेऊ नका. तिथे याबाबत नियम कडक आहेत आणि सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान चालत नाही. बरोबरच्या मंडळींना हे आदल्या रात्रीच बजावा.

घाट

फुंटशोलिंग ते थिंपू दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे. पाच ते सहा तास लागतात. कोस्टर बसची तिकिटे आधी काढावी लागतात. सीटवर जाणाऱ्या टॅक्सीही मिळतात, पण चौघे असाल तर पूर्ण गाडी करा, म्हणजे मनासारखे थांबता येते. भाडे आणि थांबे बसण्याआधी ठरवा. नऊ-साडेनऊला निघालात तर उजेडात पोहोचता.

ज्यांना घाट लागतो त्यांनी रिकाम्या पोटी बसू नये आणि भरल्या पोटीही नको. आत्याने मूठभर लाह्या आणि आल्याच्या वड्या बरोबर ठेवल्या होत्या, अर्धा तास आधी ॲव्होमिनची गोळी घेतली होती. तिला पुढच्या सीटवर बसवले. वळणे पहिल्या दीड तासात सर्वांत जास्त आहेत.

गाव सोडल्यावर थोड्याच वेळात रिंचेनदिंगचा नाका येतो, परवाना इथे दाखवायचा. वळणावळणावर मागे बघा: खाली तोर्सा नदी मैदानात पसरताना दिसते. भूतानमध्ये तिचे नाव आमो छू. ती तिबेटच्या चुंबी खोऱ्यातून येते. सप्टेंबर १९५८ मध्ये पंडित नेहरू आणि इंदिरा गांधी भूतानला गेले तेव्हा हा रस्ता नव्हता. ते सिक्कीममधून नथु ला ओलांडून, याच नदीच्या वरच्या अंगाला चुंबी खोऱ्यात उतरून, घोड्यांवर आणि याकांवर बसून पारोला पोहोचले. त्यानंतर १९६१ मध्ये सीमा सडक संघटनेचा ‘दंतक’ प्रकल्प सुरू झाला आणि आपल्या जवानांनी व मजुरांनी हा घाट फोडला. त्यात कित्येकांचे प्राण गेले. रस्त्याकडेला दंतकच्या पाट्या दिसतील.

गेडू यायच्या आधी धुके भेटते. इथे तुम्ही दोन हजार मीटरच्या वर आहात, म्हणजे कळसूबाईच्याही वर. सकाळी सीमेवर घाम पुसत होता आणि इथे स्वेटर लागतो. तो डिकीतल्या बॅगेत ठेवू नका, मांडीवर ठेवा. गेडूला उतरून चहा घ्या. पहिल्यांदा एमा दातशी खायची असेल तर इथल्या एखाद्या छोट्या खानावळीत खा. चीजमध्ये शिजवलेल्या मिरच्यांची ही भाजी आहे. मिरची इथे मसाल्यासाठी नाही, भाजी म्हणूनच वापरतात. आम्ही वऱ्हाडी ठेच्यावर वाढलेली माणसे, तरी डोळ्यांत पाणी आले. सोबत लाल भात असतो. तिखट नको असणाऱ्यांनी केवा दातशी मागवावी, ती बटाट्याची. शाकाहारी माणसाची या देशात उपासमार होत नाही.

पुढे रस्ता वांग छूच्या खोऱ्यात उतरतो. हीच नदी बंगालमध्ये रायडाक होते. चुखाचा ३३६ मेगावॉटचा जलविद्युत प्रकल्प तिच्यावरच भारताच्या मदतीने उभा राहिला आणि त्यातली वीज आपल्याकडे येते. दमचूच्या नव्या रस्त्याने हा टप्पा पूर्वीपेक्षा लहान झाला आहे.

मग चुझोम. पारो छू आणि वांग छू यांचा हा संगम. नदीच्या काठावर तीन छोर्तेन, म्हणजे स्तूप, शेजारी शेजारी उभे आहेत, एक भूतानी, एक तिबेटी आणि एक नेपाळी धाटणीचा. इथून चार वाटा फुटतात: थिंपू, पारो, ‘हा’ नावाचे खोरे आणि तुम्ही आलात तो फुंटशोलिंगचा. चालक घाई करेल, तरी दहा मिनिटे उतरा. छोर्तेनला प्रदक्षिणा घालायची ती उजवीकडे ठेवून, आपल्या देवळासारखीच. आत्याने हात जोडले आणि कोणी काही न सांगता योग्य बाजूने निघाली. तिथून थिंपू तासाभरावर.

तिथे गेल्यावर, थोडक्यात

थिंपूची उंची २,३०० मीटरच्या वर आहे. एवढ्या उंचीचा त्रास सहसा होत नाही, पण पहिल्या दिवशी जिने जपून चढा. ताक्त्सांग, म्हणजे वाघाची गुहा, शेवटच्या दिवसांसाठी ठेवा. मठ ३,१२० मीटरवर आहे, जाऊन-येऊन पाच-सहा तास लागतात. घोडे अर्ध्या वाटेपर्यंतच जातात आणि उतरताना पायीच यावे लागते, हे गुडघेदुखी असलेल्यांना आधी सांगा. आत्या मधल्या उपाहारगृहापर्यंत गेली, तिथून समोरचा मठ स्पष्ट दिसतो, आणि तेवढ्यावर ती तृप्त होती.

झाँगमध्ये पूर्ण बाह्यांचे कपडे आणि पूर्ण पँट किंवा साडी-सलवार हवी. टोपी काढायची. गाभाऱ्यात फोटो काढायचे नाहीत.

ऋतू निवडताना मार्च ते मे किंवा ऑक्टोबरचा मध्य ते नोव्हेंबर धरा. पावसाळ्यात हा घाट दरडींचा आहे. पाऊस सप्टेंबरअखेर संपतो असे गृहीत धरू नका. ऑक्टोबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात उत्तर बंगालमध्ये दरडी आणि पुरांनी मोठी हानी झाली.

परतताना

थिंपूहून निघून त्याच दिवशीची हासिमाराची गाडी धरण्याचा बेत करू नका. एखादी दरड, एखादे बंद वळण, आणि पुढची हावडा-नागपूर आरक्षणे सगळी वाया जातात. आदल्या दिवशी दुपारी फुंटशोलिंगला उतरा. वेळ उरला तर गावातल्या झांग्तो पेलरी मंदिराच्या बागेत बसा. आम्ही तिथे तासभर होतो. म्हाताऱ्या भूतानी बायका माळ ओढत फेऱ्या घालत होत्या, त्यांच्यामागे आत्याही तीन फेऱ्या चालली.

मग टर्मिनलवर जाऊन बाहेर पडल्याची नोंद करून घ्या. सीमा उघडी वाटते म्हणून गर्दीबरोबर तसेच जयगावात चालत येऊ नका. नोंद राहिली तर पुढच्या वेळी अर्ज करताना तुमचा मुक्काम अजून भूतानमध्येच दिसतो. पावती पाकिटात घाला आणि घड्याळ अर्धा तास मागे घ्या.